घाटात दमणारी ऑक्टेव्हिया: इंटरकूलर बदलण्याआधी काय मोजायचं आणि मग कोणता घ्यायचा

पुण्यातल्या एका ऑक्टेव्हिया १.८ टीएसआयच्या मालकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गाडीला स्टेज १ रिमॅप आहे, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली आहे. पहाटे गाडी जोरात ओढते, पण एप्रिल-मेच्या दुपारी वाईहून पसरणी घाट चढताना चार-पाच वळणांनंतर पिकअप जातो. ट्यूनरने (रिमॅप करणाऱ्याने) मोठा इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, टाकायला सांगितलं आहे. बार-प्लेट (जाड पट्ट्या आणि पत्र्यांचा) घेऊ की ट्यूब-फिन (हलक्या नळ्यांचा), किती जाडीचा घेऊ, आणि खरंच फरक पडेल का?

फरक पडू शकतो. पण "किती जाडीचा" हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. मी अठरा वर्षं टर्बो गाड्यांवर काम करतोय आणि इंटरकूलर मागायला आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या इंटरकूलर न बदलता बऱ्या होऊन गेल्या आहेत. म्हणून आधी हा भाग नेमकं काय करतो ते आकड्यांत बघू. आकडे एकदा डोक्यात बसले की दुकानदार काय सांगतोय ते तुमचं तुम्हाला तोलता येईल.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. बाहेर ४० अंश आहे आणि तुमचा रिमॅप १.२ बार बूस्ट (बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब) मागतो असं धरा. टर्बोच्या कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा १५५ अंशांच्या पुढे जाते. उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम. ही हवा थेट सिलिंडरमध्ये गेली तर नॉक (सिलिंडरमधल्या मिश्रणाचा अवेळी स्फोट) होणारच.

आता इंटरकूलर. बाहेरच्या हवेपेक्षा जेवढी उष्णता जास्त आहे, तिच्यातली किती टक्के तो काढून टाकतो, यावर त्याची परिणामकारकता ठरते. ७० टक्क्यांचा इंटरकूलर त्याच हवेला ७५ अंशांवर आणतो, ८५ टक्क्यांचा ५८ अंशांवर. या १७ अंशांनी हवेची घनता पाचेक टक्क्यांनी वाढते. ऐकायला कमी वाटेल, पण खरा फायदा घनतेचा नसून ठिणगीच्या टायमिंगचा आहे. हवा गरम झाली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नॉकच्या भीतीने इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद तिथे जाते. तुम्हाला घाटात जो "दम" लागलेला जाणवतो तो बहुतेक हाच.

दुसरी बाजू दाबाची. इंटरकूलरमधून जाताना हवेला अडथळा होतो, थोडा दाब पडतो. नव्या कोअरमुळे (इंटरकूलरच्या नळ्या आणि पातळ फिनच्या गाभ्यामुळे) जुन्यापेक्षा ०.१ बार जास्त पडला, तर एकूण २.१५ बारमधले साडेचार टक्के तिथेच गेले. म्हणजे थंड हवेने कमावलेली घनता अडथळ्याने जवळजवळ पूर्ण खाल्ली. शिवाय मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपातला) दाब भरून काढायला ईसीयू टर्बोला अजून जोरात फिरवतो, आणि हवा आणखी तापते. त्यामुळे "तापमान इतकं कमी होतं" असं कोणी सांगितलं की लगेच विचारा: दाब किती पडतो? आणि किती हवेला? या तीनही गोष्टींचं उत्तर एकत्र मिळालं नाही, तर एकट्या तापमानाच्या आकड्याला काही किंमत नाही.

आता तुमच्या गाडीकडे. खरेदीआधी एक सकाळ आणि एक दुपार मोजणीला द्या. व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचे स्कॅनर), दोन्हीपैकी काहीही चालेल. लॉगमध्ये (स्कॅनरच्या नोंदीत) बाहेरचं तापमान, मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट आणि चारही सिलिंडरचं टायमिंग किती मागे घेतलं जातंय ते घ्या. मोकळ्या, सुरक्षित चढावर, शेजारी लॉग बघायला दुसरा माणूस बसवून, मॅन्युअल मोडमध्ये तिसऱ्या गिअरवर २००० आरपीएमपासून वरपर्यंत सलग चार रन घ्या. मध्ये थांबायचं नाही. पहिला रन सगळ्यांचाच छान येतो, आपल्याला चौथा हवाय. गाडी उभी असताना दिसणारं तापमान सोडून द्या. सिग्नलला उभी गाडी ६०-६५ दाखवेल आणि निघाल्यावर अर्ध्या मिनिटात खाली येईल.

मग आकडे वाचा. मिळालेला बूस्ट मागितलेल्यापेक्षा कमी असेल तर इंटरकूलरचा विषयच नाही, कुठेतरी गळती आहे किंवा वेस्टगेटचं (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेचं) काम आहे. बूस्ट बरोबर, तापमानही बरोबर, तरी टायमिंग मागे जात असेल तर स्पार्क प्लग आणि पेट्रोल बघा. स्टेज १ चा मॅप कुठल्या ऑक्टेनच्या (नॉक रोखण्याच्या क्षमतेच्या) पेट्रोलवर केलाय हे ट्यूनरला विचारा. ९५ च्या मॅपवर रस्त्यात मिळेल ते पेट्रोल भरलं तर जगातला कुठलाही इंटरकूलर मदतीला येणार नाही. आणि चौथ्या रनला हवेचं तापमान बाहेरच्यापेक्षा ३५-४० अंशांनी वर गेलं, त्याच्या मागोमाग टायमिंगही मागे सरकलं, तर ट्यूनर बरोबर बोलतोय. फरक १५-२० अंशांतच राहिला तर पैसे खिशात ठेवा.

तुमच्या मॉडेलला आणखी एक गोष्ट तपासावीच लागेल. भारतातल्या या १.८ ला डीक्यू२०० हा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे आणि त्याची टॉर्कची मर्यादा २५० न्यूटन-मीटर. स्कोडाने इंजिनाचा टॉर्कही २५० वरच ठेवला होता, तो उगीच नाही. रिमॅपनंतर तुम्ही त्या मर्यादेच्या वर आहात. घाटात ट्रकच्या मागे रांगत चढताना हे कोरडे क्लच तापतात आणि गिअरबॉक्स स्वतःला वाचवायला टॉर्क कमी करून मागतो. हाताला ते अगदी इंटरकूलर तापल्यासारखंच वाटतं. क्लचचं तापमानही त्याच स्कॅनरवर दिसतं, तेही लॉगमध्ये घ्या. थंड हवेमुळे इंजिन जास्त वेळ पूर्ण टॉर्क देत राहील, आणि तो सगळा टॉर्क याच क्लचमधून जाणार आहे. हे तुम्हाला मोठा इंटरकूलर विकणारा सांगणार नाही म्हणून मी सांगतोय.

एक किस्सा इथे सांगणं गरजेचं आहे, कारण तो तुमच्या गाडीलाही लागू होऊ शकतो. मागे एक सुपर्ब आली होती, तक्रार हीच. लॉग घेतला, तापमान चौथ्या रनला चांगलंच चढलेलं. इंटरकूलर घ्यायचा असं ठरलंही होतं. बंपर काढला तर दोन्ही बाजूंची प्लास्टिकची हवा वळवणारी पानं गायब. वर्षभरापूर्वी पुढून ठोकली होती, बॉडीच्या कामात ती परत बसवलीच नव्हती. जाळीतून आत येणारी हवा कोअरमधून न जाता बाजूच्या फटीतून निघून जात होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. पानं मागवली, कडांना फोमची पट्टी लावली, पुन्हा चार रन घेतले, आणि चौथ्या रनचं तापमान १२ अंशांनी खाली आलं. इंटरकूलर तोच. तेव्हापासून बंपर काढून या फटी बघितल्याशिवाय मी कोणालाही कोअर सुचवत नाही. बंपर निघालेलाच असेल तर कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) आणि इंटरकूलरच्या मध्ये अडकलेली धूळ, किडे, पावसाळ्यातला वाळलेला चिखलही धुऊन घ्या. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका, फिन वाकतात. साधं पाणी, मागून पुढे.

तुमच्या गाडीत इंटरकूलर कंडेन्सरच्या मागे आणि रेडिएटरच्या पुढे, तिघांच्या थराच्या मधोमध असतो. याचे दोन परिणाम. एसी चालू असताना इंटरकूलरवर येणारी हवा ४० अंशांची नसते, कंडेन्सरची उष्णता घेऊन ती आणखी तापून येते. म्हणून दोन रन एसी बंद करूनही घ्या, किती फरक पडतो ते कळेल. दुसरा परिणाम मागच्या रेडिएटरवर. इंटरकूलर जितका जाड आणि दाट फिनचा, तितकी रेडिएटरला कमी आणि जास्त गरम हवा.

ही चूक मी स्वतः केली आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका हॅचबॅकला मी बसेल तेवढा जाड बार-प्लेट कोअर बसवला. डायनोवर (गाडीची ताकद मोजायच्या यंत्रावर) आकडा सुंदर आला, मालक खूश, मीही खूश. मे महिन्यात ते कुटुंबाला घेऊन कोल्हापूरला निघाले आणि टोलच्या रांगेत एसी गरम हवा फेकायला लागला, इंजिनाचं तापमानही नेहमीच्या वर चढलं. लहान मुलं गाडीत होती. मी तो कोअर काढून घेतला, पैसे परत दिले. त्या दिवसापासून "बसेल तेवढा मोठा" हा शब्द माझ्या गॅरेजमध्ये चालत नाही.

त्या डायनोने मला का फसवलं, हे तुमच्या बार-प्लेट की ट्यूब-फिन या प्रश्नाचंच उत्तर आहे. तुमच्या गाडीतून पूर्ण जोरात सेकंदाला साधारण १७०-१७५ ग्रॅम हवा जाते. तिला १५७ वरून ७५ अंशांवर आणायचं म्हणजे १४ किलोवॅट उष्णता बाहेर टाकायची, घरातले २ किलोवॅटचे सात गिझर एकाच वेळी चालू असल्यासारखं. आता बार-प्लेटमध्ये धातू जास्त असतो. समजा ५ किलो ॲल्युमिनियम जास्त आहे. ते ४० अंशांनी तापायला १८० किलोज्यूल लागतात, म्हणजे १४ किलोवॅटच्या हिशोबाने तेरा सेकंद. डायनोचा एक रन साधारण तेवढाच असतो! त्या तेरा सेकंदांत जड कोअर उष्णता स्वतःत साठवून घेतो आणि हवा थंड दिसते. पण पसरणी घाट तेरा सेकंदांत संपत नाही. साठवण भरली की पुढे हिशोब एकच: कोअरच्या बाहेरून किती हवा वाहते आणि ती किती उष्णता घेऊन जाते. उलट जड कोअर एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो.

म्हणून सरळ रेषेत एकदाच जोर मारणाऱ्या ड्रॅगच्या गाडीला जड बार-प्लेट शोभतो. घाटात सतत चढणाऱ्या, एसी लावून फिरणाऱ्या, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीला मी चांगला ट्यूब-फिन किंवा मध्यम जाडीचा, बाहेरच्या फिन विरळ असलेला बार-प्लेट देतो. ट्यूब-फिन हलका असतो, त्याच्या गोलसर नळ्यांवरून हवा सहज सरकते, रेडिएटरला त्रास कमी. त्याची कमजोरी एकच, दगड लागला तर नळी लवकर फुटते. तुमच्याकडे पुढे कंडेन्सर आहे, त्यामुळे ती भीती फारशी नाही.

मापाबद्दल माझा क्रम असा: आधी पुढचं क्षेत्रफळ, मग उंची, जाडी सर्वांत शेवटी. कोअरच्या मागच्या भागाला पुढच्या भागाने तापवलेलीच हवा मिळते, त्यामुळे जाडी दुप्पट केली तरी थंडावा दुप्पट होत नाही, अडथळा मात्र पुरेपूर वाढतो. कंपनीच्या जागेत खाली किंवा बाजूला कुठे रिकामी पट्टी असेल आणि कोअर तिथपर्यंत वाढत असेल तर तो घ्या. पुढचा क्रॅश बीम कापून बसवायचा कोअर कोणी दाखवला तर नको म्हणा. तो बीम तुमच्या जिवासाठी आहे.

एंड टँककडे, म्हणजे कोअरच्या दोन टोकांच्या हवेच्या डब्यांकडे, लोक फारसं बघत नाहीत. मी तिथे जास्त वेळ घालवतो. तुमच्या कंपनीच्या इंटरकूलरचे टँक प्लास्टिकचे, कडा दुमडून बसवलेले आहेत. वाढलेल्या बूस्टवर काही वर्षांनी ते कडेने गळू शकतात. नव्यात ओतीव ॲल्युमिनियमचे, आतून हळूहळू वळण घेणारे टँक असतील तर हवा सगळ्या नळ्यांत सारखी वाटली जाते. पत्रा वाकवून वेल्ड केलेल्या चौकोनी डब्यासारख्या टँकमध्ये हवा समोरच्या चार नळ्यांतूनच धावते आणि बाकीचा कोअर नुसता वजन म्हणून राहतो. विकत घेण्याआधी टँकच्या तोंडातून टॉर्चने आत बघा. वेल्डचे थेंब, धातूचा कीस दिसला तर परत करा. स्वच्छ दिसला तरी बसवण्याआधी आतून धुऊन, पूर्ण वाळवून घ्या, कारण इथून सुटलेला कण पुढे थेट इंजिनात जातो. रंग काळा हवा असेल तर पातळ थर चालतो, जाड पावडर कोटिंग नको.

कोअर कोणी बनवलाय हेही विचारा. गॅरेटसारख्या कंपन्या आपल्या कोअरचे आकडे देतात: किती हवेला किती दाब पडतो, किती ताकदीपर्यंत चालतो. नाव नसलेला स्वस्त कोअर बाहेरून अगदी तसाच दिसेल, पण आतल्या फिन नळीला नीट चिकटलेल्या नसतील तर तो फक्त चकचकीत डबा आहे. तुमच्या ताकदीला, म्हणजे २३० पीएसच्या आसपास, ५०० पीएसचा कोअर नको. थोडी जागा ठेवून घ्या, त्यापेक्षा जास्त नको.

मोठ्या इंटरकूलरने टर्बो लॅग (पेडल दाबल्यावर ताकद यायला लागणारा उशीर) वाढतो ही भीती मात्र सोडून द्या. समजा आतली जागा ४ लिटरने वाढली. पूर्ण जोरात दाबलेली हवा सेकंदाला साधारण ८० लिटर वाहते. खालच्या आरपीएमवर तिच्या एक तृतीयांश धरली तरी ४ लिटर भरायला ०.१५ सेकंद लागतो. ते तुम्हाला जाणवणारही नाही. नवीन इंटरकूलरनंतर गाडी खरंच आळशी वाटली तर जोड गळतोय असं समजा.

जोड म्हणून महत्त्वाचे. तुमच्या गाडीत पाइप तारेच्या क्लिपने आणि रबरी सीलने जोडले जातात. जुनं सील परत वापरू नका, नवीन टाका. काम झाल्यावर टर्बोच्या तोंडाला टोपी लावून दाब देऊन गळती तपासायला सांगा, नुसतं कानाने ऐकून नको. ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. काम करताना कंडेन्सर पुढे झुकवावा लागतो, तेव्हा एसीचे पाइप लोंबकळत ठेवणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका. जुन्या इंटरकूलरमधून तेलाचा पातळ थर निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण अर्धी वाटी तेल निघालं तर आधी टर्बो तपासा.

आणि एका वेळी एकच बदल. इंटरकूलर, प्लग, नवीन मॅप असं सगळं एकाच दिवशी केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. आधी इंटरकूलर, मग त्याच रस्त्यावर, जवळपास त्याच तापमानाला पुन्हा चार रन. ट्यूनरने मॅप बदलायचा असेल तर तो त्यानंतर.

हाच प्रश्न व्हर्टस, टायगुन, स्लाविया, कुशाकचे लोकही विचारतात, म्हणून थोडक्यात: त्यांच्या १.० आणि १.५ टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्याने थंड होणारा असतो आणि इंजिनालगतच बसवलेला असतो. बाजारातला पुढे लावायचा मोठा कोअर त्यांच्या उपयोगाचा नाही. त्यांनी त्या पाण्याचा वेगळा छोटा रेडिएटर, विजेवरचा पंप आणि कूलंटची पातळी बघावी. जुन्या ३.० फॉर्च्युनरची गोष्ट आणखी वेगळी, तिचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर आणि हवा बॉनेटच्या तोंडातून येते. हळू चढात त्या तोंडात हवाच शिरत नाही, तिथे आधी बॉनेटखालची रबराची कड नीट बसते का ते बघायचं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि रिमॅप काय किंवा इंटरकूलर काय, विमा कंपनीला न सांगता केला तर दाव्याच्या वेळी तो मुद्दा पुढे येऊ शकतो. त्यांना लेखी विचारा.

तुमच्या गाडीसाठी माझा सल्ला: या आठवड्यात पहाटे आणि दुपारी चार-चार रन, दुपारचे दोन जादा रन एसी बंद करून. मग बंपर काढून पानं, फोम, धूळ, दाबाची चाचणी. पुन्हा रन. एवढं करूनही चौथ्या रनला बाहेरच्यापेक्षा ३५ अंशांहून जास्त फरक राहिला आणि क्लचचं तापमान ठीक असलं, तर कंपनीच्याच जागी बसणारा, ओतीव टँकचा ट्यूब-फिन घ्या, कंपनीच्या कोअरपेक्षा जाडी फार तर दीडपट. आठवड्यातून एकदा घाट आणि बाकी दिवस हिंजवडीची रांग, एवढाच वापर असेल तर फोम आणि सफाईवर थांबलात तरी चालेल. लॉग निघाले की पहिल्या आणि चौथ्या रनचे आकडे शेजारी शेजारी लिहून पाठवा, बाहेरचं तापमान आणि एसी चालू होता की बंद हे मात्र विसरू नका.